पाऱ्याचा चार्ज

आमच्या शहापूर-मुरबाडकडे टाकाऊ असं फारसं काही नसतं. फाटलेलं लुगडं गोधडीत जातं, गोधडी विटली की गोठ्यात वासराखाली जाते, आणि तिथून उकिरड्यावर पोचेपर्यंत तिचं इतकं शेण झालेलं असतं की पुढे ती खताबरोबर शेतात जाऊन भाताच्या मुळाशी बसते. फुटक्या बादलीत कढीपत्ता लागतो. भंगारवाला आला की गंजलेला पत्रा, रिकाम्या बाटल्या आणि पोरांच्या गेल्या वर्षीच्या वह्या त्याच्या गाडीवर चढतात आणि बदल्यात पावशेर लसूण घरात येतो. पौषातल्या म्हसा यात्रेत म्हातारा बैलसुद्धा कुणाच्या तरी डोळ्यांना तरणा दिसतो. वस्तू इथे मरत नाहीत, त्यांची फक्त बदली होते. अशा या मुलखात एक वस्तू मला अशी भेटली की जिची बदली कुठेच होऊ शकत नव्हती. उकिरडा तिला नको होता, भंगारवाल्याला ती द्यायची नव्हती, ओढ्यात सोडायची नव्हती, पुरायची नव्हती आणि जाळायची तर मुळीच नव्हती. ती वस्तू म्हणजे पारा.

मुरबाडच्या पुढे, सह्याद्रीची भिंत थेट खिडकीत येऊन उभी राहते अशा एका गावातल्या उपकेंद्रात मी अधूनमधून रक्तदाब बघायला जातो. सिस्टरांच्या टेबलावर आता डिजिटल यंत्र असतं. बटण दाबलं की ते गुरगुरतं, दंड आवळतं आणि दोन आकडे दाखवून गप्प बसतं. त्याचं काम चोख आहे, पण ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांचा त्याच्यावर जीव नाही. "आकडं काय, मोबाईल पण दावतो," एक आजी म्हणाल्या, "त्या पेटीतल्या चांदीवर बघ ना गो बाय!" सिस्टर हसल्या. "आजी, ती चांदी आता रिटायर झाली."

पेटीतली चांदी मी पाहिलेली होती. करड्या रंगाची पत्र्याची चपटी पेटी. झाकण उभं केलं की त्याच्या पोटाला काचेची बारीक नळी, तिच्या दोन्ही अंगांना शून्यापासून ३०० पर्यंतच्या रेघा, वापरून वापरून मधल्या रेघा जरा पुसट झालेल्या, कारण गावाचा सगळा रक्तदाब त्या मधल्या रेघांतच राहतो. तळाशी पाऱ्याची कुपी आणि ती बंद करायची छोटीशी खिट्टी. रबरी फुगा दाबत गेलं की पारा नळीतून वर सरकायचा, आणि हवा हळूच सोडली की रेघ-रेघ उतरायचा. उतरता उतरता एका जागी तो अगदी किंचित थरथरायचा. नाडीचा ठोका तिथून सुटलेला असायचा. कानात नळ्या घातलेल्या सिस्टरांना तो ऐकू यायचा, पण समोर बसलेल्या बाईला तो दिसायचा. चार बाळंतपणं, दोन दुष्काळ आणि एक तिरसट नवरा निभावून नेलेलं आपलं काळीज इथे काचेत, एवढंसं, चमकत, उड्या मारतंय हे त्या आजींनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. आता त्यांना कुणी नुसता आकडा दिला तर त्या कशा समाधान मानतील?

आणि गंमत म्हणजे आकडा अजून पाऱ्याचाच आहे. रक्तदाब १३० म्हणजे पाऱ्याचा खांब १३० मिलिमीटर उंच उचलून धरण्याएवढा दाब. टोरिचेल्ली नावाच्या इटालियनाने १६४३ साली पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली आणि पारा ७६ सेंटिमीटरच्या आसपास येऊन थांबला. आपल्या डोक्यावरच्या हवेला वजन असतं हे माणसाला तेव्हा काचेतून दिसलं. हा प्रयोग पाण्याने करायचा तर दहा मीटरच्या वर नळी लागली असती; पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून तो टेबलावर मावला. १८९६ साली तुरीनच्या रीवा-रोच्ची या डॉक्टरने दंडाभोवती पट्टा गुंडाळला, १९०५ साली कोरोत्कोव्ह या रशियन शल्यवैद्याने त्या पट्ट्याखाली कान लावून ठोके ऐकले, आणि मग ही पेटी जगभर हिंडत हिंडत माळशेजच्या पायथ्याशी येऊन पोचली. आज टेबलावरच्या त्या गुरगुरणाऱ्या यंत्रात पाऱ्याचा थेंब नाही, तरी ते दाखवतं ती उंची पाऱ्याचीच. सरपंच बदलला तरी विहीर माजी सरपंचाच्या नावानेच ओळखली जाते, त्यातलाच हा प्रकार.

पाऱ्याशी आमच्या पिढीचं नातं मात्र या पेटीच्या आधीचं, थर्मामीटरच्या वयाचं. डॉक्टर मोटारसायकलवरून यायचे, चामड्याच्या बॅगेतून थर्मामीटर काढायचे आणि तोंडात घालण्याआधी मनगटाला असा एक झटका द्यायचे की नुसत्या त्या ऐटीनेच निम्मा ताप उतरावा. त्या झटक्यामागे चांगलं कारण होतं. फुग्याच्या वर नळीला एक बारीक गळा असतो. चढलेला पारा तिथून आपणहून मागे फिरत नाही, म्हणून तर काचकांडी तोंडातून काढल्यावरही ताप वाचता येतो, आणि म्हणूनच त्याला झटकून खाली बसवावं लागतं. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. लहानपणी वाटायचं, मागच्या आजाऱ्याचा ताप डॉक्टर झटकून टाकताहेत.

कधीतरी हा झटका दाराच्या चौकटीला लागायचा. मग घरात एकच धांदल. "काचा, काचा! पाय नका टाकू रे!" म्हणून आजी ओरडायची, आई केरसुणी घेऊन धावायची, काच दिव्याच्या उजेडात कणाकणाने टिपली जायची. आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर सुटलेले ते रुपेरी मणी? ते पोरांच्या वाटणीला. सगळ्या घराला भीती काचेची. मण्यांकडे बोट दाखवून "याला हात लावू नको" असं म्हणणारं माणूस त्या काळात मला तरी भेटलं नाही. कागदाने ढकलला की मणी पळायचा, दुसऱ्याला भेटला की दोघांचा एक व्हायचा, इतका बेमालूम की कुठला कुणाचा हे देवालाही सांगता येऊ नये. कुणी कंपासपेटीत ठेवायचं, कुणी काड्यापेटीत. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली की मणी लहान झालेला वाटायचा आणि संशय शेजारच्या बाकावर बसणाऱ्याचा यायचा. तो थोडा थोडा आपल्याच श्वासात जातोय, ही शंका शिवायचं ते वय नव्हतं.

गावात पाऱ्याला खऱ्या अर्थाने ओळखून होता तो एकटा सोनार. कुणाच्या बायकोने पारा हाताळल्यावर तिची अंगठी पांढरी पडली, तर ती रडत त्याच्याकडेच यायची. पारा सोन्यात शिरतो, अगदी हक्काने, माहेरी आल्यासारखा. सोनारांच्या दुकानातली धूळ विकत घेऊन धुणारे झारेकरी याच ओढीवर पोट भरायचे. धुळीत हरवलेला सोन्याचा कण माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, पण पारा त्याला शोधून मिठी मारतो. मग भट्टीवर पारा उडवून द्यायचा आणि सोनं खाली राहायचं. उडून गेलेला पारा कुठे गेला, हे त्या भट्टीशी बसलेल्या माणसाच्या थरथरत्या बोटांना पुढे कळायचं.

कारण पाऱ्याचा खरा स्वभाव हा आहे. दिसतो तेव्हा तो फारसा बाधत नाही. बाधतो तेव्हा तो दिसत नाही. थर्मामीटर तोंडात फुटून घरची मंडळी घाबरी झाली, तरी गिळलेला पारा बहुतेक तसाच बाहेर पडतो, तिथे खरी काळजी काचेचीच, म्हणजे आजी तेवढ्यापुरती बरोबर होती. पण सांडलेला पारा फरशीच्या फटीत बसला की तिथून तो वाफ होत राहतो, चुलीवर न ठेवता, खोलीतल्या साध्या उष्म्यात. त्या वाफेला वास नाही, रंग नाही. ती फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूकडे जाते. वैशाखात आमच्याकडे पत्र्याखालची खोली कशी तापते हे ज्याने भोगलंय त्याला पुढचं सांगायला नको.

आणि पाण्यात गेला तर तो आणखी निराळंच सोंग घेतो. गाळातले जंतू त्याचा मिथिल पारा करतात. तो शेवाळात, शेवाळातून बारक्या माशांत, त्यांच्यातून मोठ्या माशांत, पायरीपायरीने दाट होत चढत जातो. मृगाच्या पहिल्या सरीला ओढ्यातून उलटे चढणारे वलगणीचे मासे आमच्याकडे सगळा गाव कंदील घेऊन धरतो. पाऱ्याचीही ही एक वलगणच, फक्त ती जिथे संपते त्या टोकाला ताट घेऊन आपण बसलेलो असतो. जपानमधल्या मिनामाता गावात हे १९५६ साली उघडकीला आलं. एका रासायनिक कारखान्याचं सांडपाणी उपसागरात जात होतं, आधी मासे खाणारी मांजरं वेड्यासारखी नाचत मेली, मग माणसांचे हात-पाय आणि वाचा गेली. इतकं दूर जायचीही गरज नाही. आमची काळू नदी माळशेजच्या डोंगरांतून निघते, मुरबाडची शेतं भिजवत जाते आणि टिटवाळ्याच्या पुढे आंबिवलीच्या बाजूला उल्हास नदीला मिळते. कॉस्टिक सोडा करायच्या जुन्या पद्धतीत पारा वापरत असत, आणि त्या खालच्या पट्ट्यातल्या कारखानदारीच्या भरभराटीत काळूच्या गाळात पारा सापडल्याची नोंद अभ्यासकांनी केलेली आहे. डोंगरातून निघताना नदीच्या ओटीत जांभळं आणि करवंदं असतात. सासरी पोचेपर्यंत ओटीत काय काय पडलेलं असतं!

शहापूरकरांना पाण्याच्या बाबतीत तसाही एक खोल, विनोदी समजूतदारपणा आलेला आहे. तानसा १८९२ पासून मुंबईची तहान भागवतं, मागून वैतरणा आली, भातसा आली, आणि धरणाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावरचे पाडे चैत्र-वैशाखात टँकरच्या रांगेत हंडे लावून बसतात. आपल्या पाण्यावर दुसऱ्याचा नळ चालतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ओढ्यात काय सोडू नये हे कुणी परिपत्रक काढून सांगावं लागत नाही.

सिस्टरांकडे परिपत्रकही होतं आणि समजही. २०१० साली केंद्राच्या आरोग्य खात्याने आपल्या रुग्णालयांना पाऱ्याची उपकरणं हळूहळू काढायला सांगितलं, त्याच सुमारास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांडलेल्या पाऱ्याचं काय करावं याची मार्गदर्शिका काढली. प्रशिक्षणात हे सगळं त्यांना शिकवलेलं, पण मला त्यांनी ते सांगितलं ते एखाद्या व्रताचं उद्यापन सांगावं तसं. पहिलं, माणसं बाहेर, पोरं तर आधी बाहेर. खिडक्या उघड्या, पंखा बंद. मग अंगावरचं सोनं काढायचं. इथे त्या थांबल्या. "मंगळसूत्र काढून डबीत ठेवायचं हो. आमच्या सासूबाईंना सांगितलं असतं तर पारा माझ्यापेक्षा त्यांचाच चढला असता." मग हातमोजे, आणि जुनी एक्स-रेची फिल्म कापून केलेल्या दोन पट्ट्या. त्यांनी मण्यांना कडेने हाकत हाकत एकत्र आणायचं. खोलीत अंधार असेल तर टॉर्च जमिनीला लावून आडवा धरायचा. सरळ उजेडात न दिसणारा मणी आडव्या उजेडात चमकतो. सुई काढलेल्या सिरिंजने तो ओढून घ्यायचा. जो बारीक चुरा उरेल तो चिकटपट्टीने उचलायचा. सगळं तळाशी थोडं पाणी असलेल्या जाड प्लॅस्टिकच्या बरणीत, झाकण गच्च, वर चिठ्ठी.

"आणि केरसुणी?" मी विचारलं.

"केरसुणीला हातसुद्धा लावायचा नाही."

दिवाळीत जिला हळदीकुंकू वाहतो, नव्या घरात जिला मिठाबरोबर आधी नेतो, त्या लक्ष्मीला इथे मज्जाव. कारण ती एका मण्याचे शंभर मणी करते आणि शंभरांना सगळ्या खोलीत पाट देऊन बसवते. मोरीत ओतायचं नाही, तो मोरीच्या बाकात जाऊन ठाण मांडतो. आणि दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीत तर टाकायचंच नाही. ती पिशवी जाते भट्टीत, आणि भट्टीत गेलेला पारा धुराड्यातून निघून ढगांशी ओळख करून घेतो. शाळेतल्या जुन्या ट्यूबलाइटांनाही याच गोत्रात धरायला हवं. त्यांच्यात पारा काही मिलिग्रॅमच असतो, पण गणपतीनंतर मांडवामागे त्या नळ्या फोडून "फट्" असा आवाज काढण्याची आमच्या तरुण मंडळींची हौस अनावर आहे. त्या नळ्यांचंही उत्पादन २०२७ पर्यंत थांबवायचं असं जगाने ठरवलंय. मंडळांना दुसरा आवाज शोधावा लागेल.

टाकणं किती अवघड असतं हे कोडाईकनालने दाखवलं. १९८० च्या दशकात अमेरिकेतून उचलून आणलेला थर्मामीटरचा कारखाना तिथल्या झाडांच्या सावलीत चालू होता. २००१ साली गावातल्या एका भंगारवाल्याच्या आवारात पारा लागलेल्या फुटक्या काचांचे ढीग सापडले, कारखाना बंद पडला, आणि २००३ मध्ये पारा मिसळलेला पुष्कळसा कचरा जहाजात घालून चक्क अमेरिकेला परत पाठवावा लागला. तिथल्या मातीची साफसफाई त्यानंतरही कितीतरी वर्षं चर्चेत राहिली. एवढी मोठी कंपनी, तरी तिला पारा टाकता आला नाही. २०१३ साली जपानमध्येच, मिनामाताचंच नाव देऊन, देशोदेशींचा करार झाला. तो २०१७ मध्ये अंमलात आला, २०१८ मध्ये भारताने त्यावर मान्यतेची मोहोर उठवली. एवढ्या सगळ्या राष्ट्रांनी मिळून जे ठरवलं त्याचा मुरबाडपुरता अर्थ असा, की उपकेंद्राच्या लोखंडी कपाटात, खालच्या फळीवर, एक बरणी.

त्या बरणीत दोन रक्तदाबाच्या यंत्रांचा पारा होता. एकेका यंत्रात साठ-ऐंशी ग्रॅम तरी असतोच. शिवाय थर्मामीटरांचा, प्रत्येकी जेमतेम ग्रॅमभर. बोटभर पाण्याखाली तो जाड, आळशी, आतून उजळलेला पडून होता, आणि कपाट उघडलं की त्याच्या पाठीवर सबंध खोली वाकडी होऊन उमटायची: खिडकी, लसीकरणाचा तक्ता, सिस्टर, मी. अधिकृतपणे घातक कचरा हाताळणाऱ्यांकडे तो जायचा होता. तशी सोय तळोज्याला आहे, पण एका बरणीसाठी गाडी पाठवणं कुणाला परवडत नाही आणि एसटीच्या पिशवीतून ती नेणं कुणाला शोभत नाही. तेव्हा सिस्टर महिन्यातून एकदा पाणी बघायच्या, कमी असलं तर चमचाभर घालायच्या, झाकण पुन्हा गच्च करायच्या. घरी लोणच्याच्या बरणीलाही त्या इतकं जपत नसाव्यात.

मग त्यांचीच बदली झाली, शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या बाजूला. चार्ज घ्यायला नव्या सिस्टर आल्या, तरुण, काटेकोर, कोरी पेनं घेऊन. मी रक्तदाबाच्या निमित्ताने बाकावर होतो. यादी वाचली जात होती: टेबल १, खुर्च्या ४, पैकी मोडकी १, शीतपेटी, बाळंतपणाचं टेबल, स्टूल. शेवटची ओळ आली: पारा, बरणीसह.

"हा नगात धरायचा की वजनात?" नव्या सिस्टरांनी विचारलं.

जुन्या सिस्टर विचारात पडल्या. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "वजनात धरू," त्या म्हणाल्या. पण उपकेंद्रात काटा एकच, नवजात बाळांचा. परिचर बाईंनी त्यावर वर्तमानपत्र पसरलं, बरणी पिशवीत घालून दोन्ही हातांनी अलगद ठेवली, आणि सवयीने एक हात बाजूला आडवा धरला, पडू नये म्हणून. काट्याने दाखवलं २९० ग्रॅम.

"फारच कमी वजनाचं आहे," परिचर बाई गंभीरपणे म्हणाल्या. "उबेत ठेवावं लागंल."

"उबेत नको!" दोन्ही सिस्टर एकदम ओरडल्या.

नव्या सिस्टरांनी लिहिलं, २९० ग्रॅम, बरणी व पाण्यासह. मग पेन थांबलं. "पाणी आटलं तर वजन कमी भरेल. तपासणीत विचारलं तर?"

"पाणी घालायचं आणि मग तपासणीला दाखवायचं."

"आणि न्यायला कोण येणार?"

"पत्र दिलंय."

"कधी?"

जुन्या सिस्टरांनी फाईल काढली, पान उलटलं, आणखी एक उलटलं, आणि पत्राची प्रत त्यांच्या पुढे ठेवली. कागदाच्या कडा पिवळ्या झालेल्या होत्या. नव्या सिस्टरांनी तारीख पाहिली, काही बोलल्या नाहीत. यादीच्या तळाशी त्यांनी आणखी एक ओळ वाढवली: पत्राची प्रत, नग १. आणि सही केली.